हाड जुळल्यानंतर

(म्हैसूर येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाची मुद्रित संहिता)



स्मृतिव्याख्यानात आदरांजली वाहायची असते, आणि एखादे म्हणणे घाई न करता, पुराव्यानिशी, आक्षेपांना उत्तरे देत मांडायला वेळही मिळतो. ती सवलत मी अस्थिशल्यचिकित्सेविषयी बोलण्यासाठी घेणार आहे. जन्मतः वाकडे आलेले पाय, अपघातात मोडलेल्या मांड्या आणि नडग्या, भलत्याच कोनात जुळलेली हाडे, लुळी पडून आखडलेली बोटे हा या शास्त्राचा प्रांत. गेल्या शंभर वर्षांत त्याने केलेली प्रगती थक्क करणारी आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की शस्त्रक्रिया हाड सरळ करते. त्या अवयवातले काम मात्र नंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत परत येते, तेही रुग्णाच्या स्वतःच्या कष्टांतून, घरच्यांच्या आधाराने आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. आपण पहिल्या भागाला उपचार म्हणतो, त्याचे पैसे मोजतो, त्याची आकडेवारी ठेवतो. दुसरा भाग डिस्चार्जच्या कागदावर दोन ओळींत लिहून घरी पाठवून देतो. या वाटणीपायी चांगल्या शस्त्रक्रियाही वाया जातात. ती वाटणी मोडणे हे एकट्या रुग्णाच्या आवाक्यातले काम नाही, ते आपल्या सर्वांचे आहे, हे मला आज पटवून द्यायचे आहे.

या विषयाची एक जुनी आणि नेमकी नोंद याच परिसरातली आहे. येथून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या श्रीरंगपट्टणाभोवती 1792 मध्ये तिसरे इंग्रज-म्हैसूर युद्ध संपले. इंग्रज सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी त्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. अंगच्छेदाची शिक्षा त्या काळी अनेक राजवटी देत असत. वर्षभराहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर 1794 च्या अंकात छापलेल्या पत्रात ती सारी कृती क्रमाने दिली आहे. कापलेल्या नाकावर मेणाचा पातळ पापुद्रा बसवून आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेने रेघ ओढून तेवढी कातडी सोडवायची. मात्र दोन डोळ्यांच्या मधली अरुंद पट्टी तशीच ठेवायची, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो. मग ती कातडी अर्धी फिरवून खाली आणायची आणि नाकाच्या जागी दिलेल्या छेदात बसवायची. वर काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या; चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड; दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे तुकडे; आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापून नाक सुटे करायचे. हे पत्र वाचून लंडनचे शल्यचिकित्सक जोसेफ कार्प्यू यांनी ही रीत अभ्यासली, 1814 मध्ये ती स्वतः वापरली, आणि युरोपातल्या प्लास्टिक सर्जरीला नवी दिशा मिळाली.

वैद्यकाच्या इतिहासात ही हकिगत नाकाची म्हणून सांगितली जाते, आणि तिचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण कावसजीचा हातही गेला होता, आणि त्या हातासाठी पुण्यात, लंडनमध्ये किंवा जगात कुठेही त्या वेळी उपाय नव्हता. असे का, याचा विचार केला तर आपला विषय उलगडतो. नाकाला मुख्यतः आकार हवा असतो. जिवंत कातडी आणि अखंड रक्तपुरवठा मिळाला की आकार टिकतो. हाताला आकार पुरत नाही. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत 27 हाडे आहेत. बोटे मिटवणारे मोठे स्नायू कोपराखालच्या भागात आहेत आणि त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातून सरकत बोटांपर्यंत जातात. एखादी कंडरा भोवतालच्या व्रणाला चिकटली तर हाड उत्तम जुळूनही बोट हलत नाही. नस तुटली तर बोटाला स्पर्श कळत नाही, आणि ज्याला स्पर्श कळत नाही असा हात मेंदू हळूहळू वापरेनासा होतो. बॉस्टनमध्ये 1962 साली एका बारा वर्षांच्या मुलाचा खांद्याजवळ तुटलेला हात शल्यचिकित्सकांनी प्रथमच यशस्वीपणे पुन्हा जोडला. पण रक्त वाहू लागले म्हणजे हात परत आला असे झाले नाही; नसांची जोडणी काही महिन्यांनी करावी लागली. जोडलेली नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढते. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंतचे अंतर त्या गतीने कापायला वर्षाहून अधिक काळ लागतो. तेवढा काळ सांधे मोकळे ठेवणे आणि स्नायू जागते ठेवणे हे काम कोणीतरी रोज करावे लागते, आणि ते शस्त्रक्रियागृहात होत नाही.

ही समज आधुनिक काळातच आली असेही नाही. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र विचार आहे: भग्नांचे प्रकार, हाड जागेवर आणण्याच्या रीती, झाडांच्या सालीच्या आणि बांबूच्या फळ्या, बांधणी फार सैल किंवा फार घट्ट असू नये याची ताकीद. त्यातली एक सूचना मला सर्वांत मोलाची वाटते. तळहाताचे हाड जुळल्यावर रुग्णाने आधी मातीचा गोळा हातात धरावा, मग सैंधवाचा खडा, आणि हातात बळ आल्यावर दगड. आजचा फिजिओथेरपिस्ट मऊ चेंडूपासून सुरुवात करून भार पायरीपायरीने वाढवतो, तेव्हा तो हेच करत असतो. ज्या ग्रंथाने फळी सांगितली त्याच ग्रंथाने फळी सोडल्यानंतरची मूठही सांगितली, आणि दोन्ही एकाच चिकित्सेचे भाग मानले. पुण्याजवळच्या त्या कारागिराचा उपचारही पंचवीस दिवसांचा होता. चौथा, दहावा आणि पंचविसावा दिवस त्याच्या कृतीतच बसलेले होते. उपचार आणि उपचारानंतरचे दिवस यांत आज आपण जी भिंत घालतो, ती या जुन्या जाणकारांना ठाऊक नव्हती.

आधुनिक अस्थिशल्यचिकित्सेतला सर्वांत विलक्षण शोध घेतला तरी हेच दिसते. गाव्रिल इलिझारोव्ह या सोव्हिएत डॉक्टरांनी सैबेरियातल्या कुर्गान येथे, दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्यांची न जुळलेली हाडे पाहत, 1950 च्या सुमारास एक साधन बनवले. पायाभोवती धातूची कडी, त्यांतून ताणून हाडातून आरपार नेलेल्या बारीक तारा, आणि कड्यांना जोडणारे आट्यांचे दांडे. हाड नेमक्या जागी कापायचे, पाच ते सात दिवस थांबायचे, आणि मग दोन टोके एकमेकांपासून दिवसाला एक मिलिमीटर दूर न्यायची, तेही एकदम न नेता दिवसभरात चार वेळा पाव-पाव मिलिमीटर. त्या फटीत नवे हाड तयार होते. याहून वेगाने ताणले तर हाड धरत नाही आणि नसा-स्नायूंवर ताण येतो; फार हळू ताणले तर फट वेळेआधीच भरून घट्ट होते. टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक मिळवलेले व्हालेरी ब्रूमेल 1965 मध्ये मोटारसायकलच्या अपघातात सापडले. अनेक शस्त्रक्रियांनंतरही त्यांचा पाय बरा होत नव्हता. शेवटी कुर्गानला त्यांचे हाड जुळले आणि ते पुन्हा दोन मीटरहून उंच उडी मारू लागले.

या पद्धतीत उपचार कोण करतो, हे जरा बारकाईने पाहावे. पाय पाच सेंटिमीटर लांबवायचा असेल तर शस्त्रक्रिया काही तासांची, ताणण्याचा काळ पन्नास दिवसांचा, आणि नवे हाड पक्के होईपर्यंत साधन पायावर ठेवण्याचा काळ त्याहूनही कितीतरी अधिक. या सगळ्या दिवसांत नट फिरवतो तो रुग्ण किंवा त्याची आई. तारांच्या तोंडाशी पू होऊ नये म्हणून रोज सफाई करतात तेच. स्नायू हाडाइतके लवकर लांबत नाहीत, म्हणून गुडघा वाकून बसतो आणि घोटा टाच उचलून आखडतो; ते टाळण्यासाठी दिवसातून अनेक वेळा व्यायाम करतो तो रुग्णच. पायावर भार देऊन चालत राहावे असा इलिझारोव्ह यांचा आग्रह होता, कारण भार घेणारे हाडच बळकट होते. नस वाढते दिवसाला एक मिलिमीटर, हाड ताणायचे दिवसाला एक मिलिमीटर. शरीराचा वेग हा आहे, आणि कोणत्याही शल्यचिकित्सकाचे कौशल्य त्याला घाई करायला लावू शकत नाही. ज्या उपचाराचा बहुतेक काळ रुग्णाच्या घरात जातो, त्याचे घरातले दिवस उपचाराबाहेरचे समजणे हा हिशेबच चुकीचा आहे.

लहान मुलांच्या वाकड्या पायांची, म्हणजे क्लबफूटची गोष्ट याहून स्पष्ट आहे. जन्मतः पाऊल आत आणि खाली वळलेले असते. पूर्वी अशा पायांवर मोठ्या शस्त्रक्रिया होत. पाय सरळ दिसे, पण पुढे वयात आल्यावर ताठर आणि दुखरा होई. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात इग्नासिओ पोन्सेती यांनी वेगळी वाट शोधली. आठवड्याला एक याप्रमाणे पाच-सहा प्लास्टर, प्रत्येक वेळी पाऊल हाताने थोडे अधिक बाहेर वळवायचे. शेवटी बहुतेक मुलांत टाचेची कंडरा बारीक छेद देऊन सोडवायची. आणि मग दांड्याने जोडलेले बूट, पहिले तीन महिने जवळजवळ चोवीस तास, पुढे चार वर्षांचे होईपर्यंत झोपेत. 2004 मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी 157 मुलांच्या 256 पायांचा अनुभव प्रसिद्ध केला. 98 टक्के मुलांचे पाय सरळ झाले. काही पाय पुन्हा वळले. मूल किती मोठे असताना आले, किती प्लास्टर लागले, आधीचा उपचार फसला होता का, यांपैकी कशाशीही त्या वळण्याचा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो एकाच गोष्टीशी, बूट नियमाने घातले की नाही याच्याशी. डॉक्टरांनी सरळ केलेला पाय टिकला की नाही, हे रात्री मूल रडत असताना बूट न काढणाऱ्या आईबापांवर ठरले. अशा आईबापांना बूट कोण देणार, लहान झाल्यावर मोठा बूट कोठे मिळणार, धीर सुटला तर फोन कोणाला करायचा, या प्रश्नांची उत्तरे म्हणूनच वैद्यकीय उत्तरे आहेत.

भारतात हा धडा सर्वांत आधी कुष्ठरोग्यांच्या हातांनी शिकवला. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी 1948 पासून कुष्ठरोगाने आखडलेल्या बोटांवर कंडरा स्थलांतराच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. ज्या स्नायूची नस शाबूत आहे त्याची कंडरा लुळ्या स्नायूच्या जागी जोडायची, सुमारे तीन आठवडे हात प्लास्टरमध्ये ठेवायचा, आणि मग रुग्णाने त्या स्नायूकडून नवे काम करून घ्यायला शिकायचे. शस्त्रक्रिया कितीही सफाईने झाली तरी हे शिकणे झाले नाही तर बोट हलत नाही. ब्रँड यांना पुढे याहूनही कठीण गोष्ट दिसली: हात सरळ होऊनही त्या हाताला काम देणारा कोणी नव्हता. म्हणून त्यांनी रुग्णांना व्यवसाय शिकवणारे केंद्र उभारले. महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंटिया यांचा प्रवास याच दिशेने झाला. पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी कुष्ठरोग्यांचे चेहरे आणि हात दुरुस्त केले; आणि 1970 च्या दशकात, नाणावलेले प्लास्टिक सर्जन असताना, रायगड जिल्ह्यातल्या मांडव्याला गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याच्या कामाला लागले. एका शल्यचिकित्सकाने खेड्याकडे वळणे याला कुणी विषयांतर म्हणेल. मला ते त्याच कामाचे पुढचे पाऊल वाटते, कारण रुग्ण परततो ते गावातच.

आता मोठ्या जखमांचा पुरावा पाहू. पायाची नडगी चिरडली, कातडी आणि स्नायू उघडे पडले, तर पाय वाचवायचा की कापायचा हा अस्थिशल्यचिकित्सेतला सर्वांत अवघड निर्णय. अमेरिकेतल्या आठ अपघात-केंद्रांत अशा 569 रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा करून 2002 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाय वाचवलेल्यांची आणि पाय कापलेल्यांची कार्यक्षमता दोन वर्षांनी जवळजवळ सारखीच होती. कामावर परतलेल्यांचे प्रमाणही जवळजवळ सारखे: पहिल्यांत सुमारे 49 टक्के, दुसऱ्यांत सुमारे 53 टक्के. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टींनी: गुंतागुंत होऊन पुन्हा रुग्णालयात यावे लागणे, गरिबी, कमी शिक्षण, विमा नसणे, आधार देणारी माणसे नसणे, आपण बरे होऊ हा विश्वास नसणे, धूम्रपान. एवढ्या सुसज्ज देशात, एवढ्या कुशल हातांखालीदेखील, शस्त्रक्रियेच्या निवडीपेक्षा माणसाच्या परिस्थितीने निकालावर अधिक छाप पाडली. पाय वाचवणे निरर्थक आहे असा याचा अर्थ मी घेत नाही. आपला पाय राखणे याला माणसाच्या मनात वेगळे मोल असते. मी घेतो तो अर्थ असा की शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षात आपण जे करतो किंवा करत नाही, त्याचे वजन शस्त्रक्रियेइतके आहे.

काम परत येणे म्हणजे काय, हेही आपण आपल्या जगण्यावरून ठरवले पाहिजे. सपाट जमिनीवर चालायला गुडघा साठ-सत्तर अंश वाकला तरी भागते, जिने चढायला-उतरायला नव्वद-शंभर अंश लागतात. पण उकिडवे बसायला, मांडी घालायला, शेतात खुरपणी करायला, देवापुढे गुडघे टेकायला एकशेतीस अंशांच्या वर वाकावे लागते. पाश्चात्त्य देशांतून आलेल्या कित्येक मोजपट्ट्यांत शंभर अंशांवर थांबलेला गुडघा चांगला ठरतो. मंड्या जिल्ह्यातल्या ऊस तोडणाऱ्याला किंवा कोल्हापूरच्या गुऱ्हाळात जमिनीवर बसून काम करणाऱ्याला तो गुडघा रोजगार गमवायला लावतो. जयपूर फूटचे यश याच जाणिवेत आहे. 1968 च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचे असे पाऊल घडवले की ज्यावर अनवाणी चालता येईल, चिखलात उतरता येईल, उकिडवे आणि मांडी घालून बसता येईल. परदेशी कृत्रिम पाय बुटासाठी आणि खुर्चीसाठी बनवलेले होते. सेठी आणि शर्मा यांनी वापरणाऱ्याच्या दिवसापासून सुरुवात केली, आणि म्हणून ते पाऊल लाखो लोकांनी वापरले.

या मांडणीवर काही आक्षेप येतील आणि ते गंभीरपणे घ्यावे लागतील. पहिला आक्षेप तज्ज्ञांचा: आजच्या प्लेट, रॉड आणि स्क्रू इतके भक्कम आहेत की रुग्ण दुसऱ्या दिवशी हालचाल करू शकतो, महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये पाय आखडण्याचा काळ गेला, तेव्हा ही चिंता जुन्या काळची आहे. यातली वस्तुस्थिती मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. 1958 मध्ये मॉरिस म्यूलर आणि त्यांच्या स्विस सहकाऱ्यांनी एओ हा अभ्यासगट स्थापला आणि आजच्या प्लेट-स्क्रूंचा पाया घातला, तोच मुळी प्लास्टरखाली सांधे आखडणे, स्नायू सुकणे आणि हाड विरळ होणे टाळण्यासाठी. हालचाल लवकर सुरू करता यावी हे त्या पोलादाचे प्रयोजन होते. पोलाद हालचालीची मुभा देते, हालचाल करवून घेत नाही. रॉड घातला आणि रुग्ण भीतीने तीन महिने खाटेवर पडून राहिला, तर शस्त्रक्रियेचा खर्च झाला आणि तिचा हेतू हुकला. साधने जितकी सुधारतील तितकी ती वापरून घेणाऱ्या माणसांची गरज वाढेल.

दुसरा आक्षेप अधिक माणुसकीचा आहे. दिसण्याचेही मोल असते, तुम्ही सारा भर कामावर देता. वाकड्या पायाच्या मुलीला लग्नात, शाळेत, रस्त्यावर काय सोसावे लागते? हा आक्षेप रास्त आहे. कावसजीला नाकाने श्वास घेता येत होताच. त्याला चेहरा हवा होता, कारण कापलेले नाक त्या समाजात शिक्षेची आणि बेअब्रूची खूण होते. रूप सुधारणे हे रुग्णाला पुन्हा माणसांत आणणारे काम आहे आणि शल्यचिकित्सकाने ते आनंदाने करावे. मात्र रूप आणि काम यांत निवड करण्याची वेळ येते तेव्हा निर्णय रुग्णाने, नीट समजून घ्यायला हवा. सरळ पण ताठ बोट हवे की थोडे वाकलेले पण मूठ वळणारे, हे क्ष-किरणाच्या चित्रावरून ठरत नाही. निरोगी तरुणांनी केवळ उंचीसाठी पायाची हाडे लांबवून घेण्याची टूम आता वाढते आहे. तिच्याविषयी माझी हरकत हीच की चालण्या-धावण्याचे काम तेथे काही सेंटिमीटरसाठी पणाला लागते, आणि ते शस्त्रक्रियेपूर्वी कोणी स्पष्ट सांगत नाही.

तिसरा आक्षेप असा की रुग्णच परत येत नाहीत. सांगितलेले व्यायाम करत नाहीत, दुखले की हाडवैद्याकडे जातात. आंध्रातल्या पुत्तूरला हाड बसवून घ्यायला दूरदूरचे लोक जातात, महाराष्ट्रातही गावोगाव हाडवैद्य आहेत. त्यांच्याकडे होणारे नुकसान लपवण्यात अर्थ नाही. करकचून बांधलेल्या फळ्यांखाली रक्तपुरवठा तुटून काही तासांत स्नायू मरतात आणि हाताचा पंजा कायमचा आखडतो. फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकांनी 1881 मध्ये या विकृतीचे सविस्तर वर्णन केले. बांधल्यानंतर वेदना वाढत गेली, बोटे सरळ करताना असह्य झाली, बधिर पडली, तर बांधणी तत्काळ सोडून रुग्णालय गाठले पाहिजे, हे प्रत्येक घरात माहीत हवे. पण लोक हाडवैद्याकडे का जातात? तो जवळ असतो, आपल्या भाषेत बोलतो, दर चार-आठ दिवसांनी हात लावून पाहतो, आणि किती पैसे लागतील ते आधी सांगतो. रुग्णालयाने दिलेला कागद यांपैकी काहीच करत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला फिजिओथेरपीच्या अर्ध्या तासासाठी तालुक्याहून शहरात यायचे तर दिवसाची मजुरी बुडते, बरोबर येणाऱ्याचीही बुडते. असा माणूस आला नाही तर त्याला बेफिकीर म्हणणे अन्यायाचे आहे.

चौथा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत जोरकस. गरीब देशाने आधी शस्त्रक्रिया तरी सर्वांना पुरवाव्यात, पुनर्वसन ही नंतरची चैन आहे, असे म्हटले जाते. आकडे उलट सांगतात. 2022 या एका वर्षात भारतात रस्त्यांवर 4,61,312 अपघात झाले, 1,68,491 माणसे गेली आणि 4,43,366 जखमी झाली. मृतांत दुचाकीस्वारांचा वाटा 44 टक्क्यांहून अधिक आहे. जखमी दुचाकीस्वारांत पाय मोडण्याचे प्रमाण मोठे असते आणि त्यांत घर चालवणारी तरुण माणसे पुष्कळ असतात. मार्च 2023 मध्ये खुल्या झालेल्या बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य मार्गिकांवर ऑगस्ट 2023 पासून दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना बंदी करावी लागली, यावरून या शहराला प्रश्नाची जाणीव आहेच. अशा जखमींसाठी आयुष्मान भारत योजनेत शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो, आणि रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या 15 दिवसांचा. मांडीचे हाड जुळायलाच तीन-चार महिने लागतात. गुडघा, स्नायू आणि चाल परत यायला त्याहून अधिक. पंधराव्या दिवशी थांबलेला उपचार म्हणजे मोठी रक्कम खर्चून हाड जुळवायचे आणि थोडी रक्कम वाचवून माणूस घरी बसवायचा. पहिल्या महायुद्धात ब्रिटनची तिजोरी रिकामी होत असताना शल्यचिकित्सक रॉबर्ट जोन्स यांनी 1916 मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश येथे जखमी सैनिकांचे अस्थिरुग्णालय उभारले आणि त्यातच सुतारकाम, लोहारकाम, चांभारकाम यांची दालने काढली. आखडलेला घोटा आणि लुळा खांदा तेथे काम करता करता सुटत असे. माणसे कामावर परतणे ही ज्या सरकारला निकड वाटली, त्याने पुनर्वसनाला चैन म्हटले नाही. शेतमजुराचे घर हेही निकडीतच असते.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, शस्त्रक्रियेच्या प्रत्येक सरकारी पॅकेजमध्ये निदान सहा महिन्यांचे पुनर्वसन धरले जावे, आणि रुग्णालयाला मिळणाऱ्या रकमेचा काही भाग सहा महिन्यांनंतरच्या तपासणीवर अवलंबून असावा. हाड जुळले का, एवढाच त्या तपासणीचा प्रश्न नसावा: रुग्ण उकिडवा बसतो का, घागर उचलतो का, सायकल चालवतो का, कामावर परतला का? दुसरी, तालुका रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचे कायम पद हवे, आणि त्याने आठवड्यातले काही दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रांवर जावे. तिसरी, आशा कार्यकर्तीला शस्त्रक्रिया होऊन गावी परतलेल्यांची यादी मिळावी आणि धोक्याच्या मोजक्या खुणा व मोजके व्यायाम शिकवले जावेत. मांडव्यात गावच्या बायकांनी याहून अवघड कामे करून दाखवली आहेत. चौथी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून क्लबफूट समाविष्ट आहेच; बूट वेळेवर, मापाप्रमाणे आणि चार वर्षे मिळत राहतील ही हमी त्याला जोडली पाहिजे. पाचवी, म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालयाने 2024 मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. अशा जुन्या संस्थांनी आपल्या शस्त्रक्रियांच्या संख्येबरोबर कामावर परतलेल्यांची संख्याही दरवर्षी जाहीर करावी, म्हणजे इतरांनाही ती करावी लागेल.

यांतले काहीही नव्या शोधाची वाट पाहत नाही. हाडे सरळ करण्याची विद्या आपल्याकडे आहे, ती करणारे कुशल हात आहेत, आणि त्यानंतर काय करावे लागते याचा पुरावा जगभरातून आपल्यापुढे आहे. उणीव आहे ती हिशेबाची एकच ओळ पुढे नेण्याची: शस्त्रक्रियेच्या तारखेपासून कामावर परतण्याच्या तारखेपर्यंत. ती ओळ सरकारने पैशांत लिहावी, रुग्णालयांनी नोंदवहीत लिहावी, आणि आपण नागरिकांनी प्रत्येक निवडणुकीत, प्रत्येक रुग्णालय-समितीत, प्रत्येक देणगीच्या वेळी ती मागावी. अस्थिव्यंग असलेल्या किंवा अपघातातून उठलेल्या माणसाला दयेपेक्षा त्याच्या उरलेल्या सहा महिन्यांची तरतूद हवी आहे, आणि ती देणे आपल्याला परवडते.